गुडघ्यांचं निमित्त

शिवणबाई हसायला लागल्या की बागेतल्या बाकावर बसलेल्या सगळ्याजणींना हसू आवरत नसे. मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात उभा जन्म गेला, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर संध्याकाळचा बागेतला अड्डा त्यांनी कधी चुकवला नव्हता.

एका संध्याकाळी असंच हसता हसता त्यांचे कपडे ओले झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्याजणी जाईपर्यंत बाई बाकाला चिकटून राहिल्या आणि मग कमरेला शाल गुंडाळून मागच्या गल्लीने घरी आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे गुडघे दुखायला लागले. निदान घरात त्यांनी तसं सांगितलं.

मुलाने तेल आणलं, शेकायची पिशवी आणली, शेवटी खोलीत टीव्ही बसवून दिला. बाई टीव्हीसमोर बसत, पण बघत काहीच नसत. दिवस सरता सरत नसे, घर खायला उठे. पाणीसुद्धा त्या भीतभीत पीत. मैत्रिणींचा फोन आला की "झोपलेय म्हणून सांग" म्हणत. सुनेने चहाचं विचारलं तरी तिच्यावर खेकसत. ती बिचारी घरात पाय न वाजवता वावरू लागली.

सून बाजारात गेलेली असताना एक दिवस बागेतली मैत्रीण, जिला सगळ्या 'टेलिफोन' म्हणत, जिना चढून आली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. शिवाय बागेतली बातमी तिच्यामार्फतच सगळीकडे पोचे. नाव तिला दोन्हीकडून शोभे. धापा टाकत ती थेट बाईंच्या खोलीत शिरली आणि टीव्हीसमोरच्या बाईंच्या आरामखुर्चीत धपकन बसली. बुडाखाली काहीतरी करकरलं.

"अगं, तिथे नको!" बाई म्हणाल्या, पण तोवर टेलिफोनने उशी उचलली होती. खाली तान्ह्या बाळाच्या अंथरुणात घालतात तसलं रबरी कापड होतं.

"गुडघ्यांना रबर लागतं होय गं?" तिने हळूच विचारलं.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "जा, सांग आता गावभर!"

"वेडी आहेस का? तुझ्या नव्या चष्म्यावरून मी चेष्टा केली म्हणून रुसलीस, असं धरून बसले होते मी. जिवाला नुसता घोर!" तिने बाईंचा हात धरला. "मी शिंकताना पायात पाय अडकवून उभी का राहते, कधी विचार केलास?"

"तू? तुलाही?"

"मलाही. आणखी कोणाला ते सांगणार नाही. ऐकीव बातम्या पसरवते मी, विश्वासाने सांगितलेलं नाही. एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांची बोलणी कानावर पडली. एक शब्द बाहेर गेला असेल तर शपथ!"

"म्हणूनच बहुतेक आता कसर भरून काढतेस," बाई म्हणाल्या आणि दोघींना असं हसू फुटलं की बाईंना बाथरूमकडे पळावं लागलं. आतून आवाज आला, "हसवू नकोस मेले!"

टेलिफोनने त्यांना आपल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "स्नायू सैल पडलेत. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि घरात कोंडून घेण्यासारखं तर मुळीच नाही. पाणी पीत चला." मग स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला, पॅड कुठलं वापरायचं ते सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाईंना वाटलं, छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवली.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. तिने हातातला डाव खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर चिडला नव्हता?"

"तुझ्यावर? कशासाठी?"

"मला वाटलं, आमच्यात राहायचा तुम्हाला कंटाळा आलाय. माझंच काही चुकतंय." ती स्टुलावर बसून रडायला लागली.

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काही चुकत नाही गं तुझं. भाजी तेवढी खारट करतेस."

सून रडता रडता हसली.

व्यायामाचा गुण यायला वेळ लागला, आणि अजूनही एखादा दिवस फसतो. पण संध्याकाळ झाली की बाई पिशवीत जादा कपडे टाकतात आणि बागेत जायला चपला घालतात.