रिअ‍ॅक्टर पुन्हा चालू करण्याआधी

तिने लाल बटण दाबलं आणि नियंत्रण कक्षातली घरघर एकदम थांबली. पडद्यावर झपाट्याने चढत गेलेलं तापमान मात्र तिथेच अडून राहिलं.

"काय केलंस हे!" मागून दादा ओरडला.

"चढतच होतं. किती वाट बघायची?"

"चिमे, तुला जरा म्हणून दम नाही!"

घरातलं नाव त्याने सगळ्या ऑपरेटरांसमोर उच्चारलं होतं. कुणी मान वर केली नाही.

हा रिअ‍ॅक्टर म्हणजे दादाचं कित्येक वर्षांचं स्वप्न. शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नुसताच जळून जाणारा वायू आणि इथे नकोसा झालेला आम्लाचा वायू एकत्र आणून पाइपांच्या प्लास्टिकला लागणारं क्लोरीनयुक्त रसायन करायचं. महागडा कच्चा माल नकोच. रचना त्याची आणि चालवायची जबाबदारी धाकट्या बहिणीची. आजच्या पहिल्या चाचणीसाठी संचालक पाहुण्यांना घेऊन काचेपलीकडे उभे होते. ते पाहुण्यांसह निघून गेले.

दुपारी तंत्रज्ञाने सेन्सर काढून आणला.

"मॅडम, हाच बिघडलाय. आत सगळं ठीक होतं."

दादाने सेन्सर हातात घेतला, उलटसुलट केला, तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला.

तिला बसवेना. चहा घेतला तो तसाच निवला. पडद्यावरचे आकडे ती पुन्हापुन्हा चाळत राहिली. तेव्हा खरे वाटलेले आता साफ खोटे दिसत होते. आपण घाबरलो, एवढंच. दादाची इतक्या वर्षांची मेहनत आपण चारचौघांत मातीत घातली. ती उठून जिन्यात आली. खिडकीतून कुंपणाची भिंत आणि भिंतीला लागून असलेली वसाहतीची शाळा दिसत होती. तिची लेक तिथेच दुसरीत होती. मधल्या सुट्टीचा गलका चालला होता.

तिने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, आज संध्याकाळी येते गं तुमच्याकडे. दादा भयंकर चिडलाय. तूच काहीतरी कर."

"अगं, पण मी माहेरी आहे ना! मुलंही इथेच आहेत."

"असं अचानक?"

"कालच ह्यांनी आणून सोडलं. म्हणाले, चाचणी होईपर्यंत इकडेच राहा. मला वाटलं, तूही लेकीला कुठे पाठवलं असशील." वहिनी थांबली. "ह्यांनी तुला सांगितलं नाही?"

खाली मुलं भिंतीवर चेंडू आपटत होती. प्रत्येक आपटीला ती नकळत कठड्यावरची पकड घट्ट करत होती.

"हॅलो? ऐकतेयस ना?"

"हो. मुलं बरी आहेत ना?"

"मजेत आहेत. झालं का सगळं नीट? येऊ का परत?"

"सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती परत आली तेव्हा दादा तिच्या खुर्चीमागे उभा होता. राग ओसरलेला दिसत होता. नवा सेन्सर बसला होता, तंत्रज्ञ हात पुसत होता.

"जाऊ दे, होतं असं," दादा हलक्या आवाजात म्हणाला. "संचालकांशी बोललोय मी. चल, करूया चालू."

ती खुर्चीत बसली. आकडे स्थिर होते.

"करूया," ती म्हणाली. "आधी वहिनीला आणि मुलांना इथे वसाहतीतल्या घरी बोलावून घे."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग तंत्रज्ञाकडे. डोक्यावरचं हेल्मेट त्याने काढलं आणि कुठे ठेवावं हे न सुचून ते हातातच धरून उभा राहिला.