अमानीच्या केसांना जवस

बायनाबाईचा हात म्हणजे हात! तीन लेकींच्या अन् निम्म्या गल्लीतल्या पोरींच्या वेण्या त्या हातानं घातलेल्या. पोरीला दोन गुडघ्यांत धरायचं, टाळूवर तेल थापायचं, बारीक दातांची फणी वरून खाली खराखरा ओढायची, अन् पोरगी हलली की पाठीत चापट. तिच्या आईनं तिला असंच विंचरलेलं. यात शिकायचं काय असतं?

म्हणून सहा वर्षांची नात अमानी पुण्याहून आली, तेव्हा तिलाही तशीच गुडघ्यांत धरली. अमानीची आई वांजिरू केनियाची. बायनाबाईच्या लेकाला, परमेश्वरला, ती पुण्याच्या कॉलेजात भेटली. आजारी आईला बघायला वांजिरू नैरोबीला गेली, अन् परमेश्वर लेकीला मानवतजवळच्या आपल्या गावी सोडून गेला. मात्र तिच्या केसांच्या बाटल्यांची पिशवी बहाद्दर पुण्यातच विसरला! पोरीचे केस आईवर गेलेले, दाट, काळेभोर, बारीक वेटोळ्यांचे. त्या कोरड्या केसांत फणी अडकली, ओढली तर दात मोडला, अन् पोरगी अशी किंचाळली की दारातली शेळी दावं तोडून पळाली.

"हात लावू नको मला!" अमानी डोक्याला टॉवेल गुंडाळून भिंतीकडं तोंड करून बसली. भाकर दिली तर खाईना.

शेजारची दैवशाला ओट्यावरूनच म्हणाली, "उन्हाळा हाय मामी. मशीन मारून टाका, कटकटच न्हाई." फोनवर परमेश्वरनंही तेच सांगितलं.

"तुमच्या डोक्यावर मारा मशीन!" बायनाबाई दोघांवरही खेकसली. तेवढ्यात टॉवेलमधून बारीक आवाज आला, "आजी, माझे केस वाईट आहेत का?"

बायनाबाईनं दात मोडलेली फणी दूर भिरकावली. पोर हेच मनात धरून पुण्याला गेली, तर जन्मभर आरशाकडं बघायची नाही. अन् हे तिच्या मनात घातलं कुणी? आपणच की!

सकाळीच दोघी जीपनं मानवतला गेल्या, अमानीच्या डोक्यावर टॉवेल तसाच. नागनाथच्या दुकानात त्यानं तेला-शाम्पूच्या बाटल्यांची रांगच मांडली. "ही घ्या मावशी. आठ दिवसांत केस सरळसोट!"

"सरळ करायला ते वाकडे हायत का?" बायनाबाई म्हणाली.

अमानी एकेका बाटलीवरची बाई निरखत होती. "आजी, यात माझ्यासारखं कोणीच नाही."

खरंच नव्हतं. बायनाबाईनं दुकानातूनच वांजिरूला व्हिडिओ कॉल लावला अन् फणीचं सगळं सांगून टाकलं. वांजिरू रागावली नाही. तिचं मराठी मोडकं, पण सांगणं स्पष्ट. "आई, पुढचा फोटो नको बघू. मागे लिहिलेलं वाच." नागनाथ चष्मा लावून वाचू लागला, वांजिरू निवडू लागली. जादा फेसाचा शाम्पू नको, केस कोरडे पडतात. साधा सौम्य शाम्पू, भरपूर कंडिशनर अन् मोठ्या दातांचा कंगवा एवढं घ्यायचं ठरलं. शेवटी केसांची वळणं बसवायला जेल लागायची, ती मात्र दुकानात नव्हती.

"नसू दे. माझी आई बिया उकळून घरीच जेल करते," म्हणत वांजिरूनं आईच्या स्वयंपाकघरातली बरणी कॅमेऱ्यापुढं धरली. आत तपकिरी, चकचकीत, चपटे दाणे.

"अगं बाई! हे तर जवस!" बायनाबाई अशी ओरडली की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. ज्याची चटणी ती जन्मभर कुटत आली, ते जवस समुद्रापलीकडं एक विहीणबाई लेकीच्या केसांसाठी उकळते! देवा, केवढं हे जग, अन् दाणा एकच. समोरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्याची पोती पडलेली होती.

घरी जवस पाण्यात उकळलं, तसं पातेल्यात बुळबुळीत, चमकदार काहीतरी तयार झालं. ते पातळ फडक्यातून गाळून गार केलं. "खालून वर विंचरायचं. आधी टोकं, मग मुळं. केस ओलेच पाहिजेत," असं वांजिरूनं बजावलेलं. म्हणजे बायनाबाई आजवर करत आली त्याच्या बरोब्बर उलटं!

"लावू का गं हात?" तिनं विचारलं. पोरीनं आधी मोठ्या दातांचा कंगवा हाताळून बघितला, मग टॉवेल सोडला.

केसांवर पाणी ओतलं तर थेंब मोत्यांसारखे वरच बसले, मग हळूच आत शिरले. कंडिशनर लागताच गुंता बोटांनीच सुटायला लागला. बायनाबाईनं एक बट ओढली, तर ती कमरेपर्यंत आली! सोडली, टुणकन परत कानाशी. तिनं पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. अमानी खुदकन हसली. जवस लावलेली एकेक बट आपोआप वळत, चमकत गेली, अन् बायनाबाई तोंडावर हात ठेवून बघतच राहिली. निम्म्या गल्लीची डोकी विंचरली, पण केसांकडं असं कधी बघितलंच नव्हतं.

"लय देखणे हायत गं बये," ती म्हणाली. "वाईट माझी फणी हुती."

अमानी आरशासमोर उभी राहून मान इकडून तिकडं हलवत राहिली. मग उरलेल्या जवसाची वाटी अन् कंगवा घेऊन आजीच्या मागं येऊन बसली. "आता तुझे."

आजीचा पांढरा, मूठभर अंबाडा सुटला. टोकाशी कंगवा टेकवून नात म्हणाली, "दुखलं तर सांग हं."

जन्मात बायनाबाईला हे कुणी म्हटलं नव्हतं. आईनंही नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"दुखलं का आजी?"

"न्हाई माय," ती म्हणाली. "तू विंचर."