तीन नावांचं फूल

"सुटलं! विष सुटलं!" म्हणत बंगळुरूच्या बसवनगुडीतला सत्संगाचा अख्खा हॉल हात जोडून उभा राहिला.

पुष्पस्वामींनी शाळकरी चंदनाच्या आईच्या गालावरच्या काळ्या डागाला विभूती चोळली, ओल्या फडक्यानं पुसली, फडकं लाल पाण्याच्या काचपात्रात पिळलं, आणि पाणी चक्क हिरवंगार!

"देखा अक्का? कॅन्सर-बिन्सर सब बाहर! आता फक्त हिमालयातल्या दासवाळचा लेप. नो डॉक्टर, नो सुरी!"

आई रडत पाया पडली. डाग वाढत होता, मधूनच रक्त यायचं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायचं ठरवलं होतं. पण चेहऱ्यावर सुरी म्हटलं की आईला कापरं भरायचं. तिनं तारीखच रद्द केली. लेप थापून ती आरशात हसायची, आणि चंदना वाढलेला डाग बघत राहायची.

एकदा शेजारच्या पद्मावती अक्का डबा परत द्यायला आल्या. लेपाचं कौतुक ऐकून म्हणाल्या, "दासवाळ? हिमालयात कशाला जायचं? अय्यो, तुमच्या कुंडीतच आहे की! आम्ही पाला वाटून केसांना लावतो."

कुंडीत होती आईची पुण्याहून आणलेली जास्वंद!

चंदनाची ट्यूब पेटली. घरी जास्वंद, शेजारी दासवाळ, शाळेत 'चायना रोज', फूल एकच! त्याचं लाल पाणी सोड्यात हिरवं, लिंबात परत लाल, हा प्रयोग तर तिनं सातवीतच केलेला.

पुढच्या सत्संगाला ती आईचा हात सोडून थेट स्टेजवर चढली.

"ए पोरी, उतर खाली!" स्वामी ओरडेपर्यंत तिनं त्यांच्याच खुर्चीला विभूती चोळली, पुसली, फडकं त्या लाल पाण्यात पिळलं. पाणी हिरवं!

"अरेरे, खुर्चीलाही कॅन्सर!" मग तिनं आणलेलं लिंबू पिळलं. पाणी पुन्हा लाल. "आणि हा बघा, परत आला! काका, काकू, पाणी जास्वंदीचं आहे आणि विभूतीत सोडा आहे. बाकी काही नाही."

लोक हसले. आई हसली नाही. रिक्षात तिनं फक्त विचारलं, "मग हा डाग?"

तपासणीत कॅन्सरच निघाला, मानेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. डॉक्टर म्हणाले, "उपचार करू. पण आधी यायला हवं होतं हो."

जास्वंद खुशाल केसांना लावा, देवाला वाहा. तिचा काय दोष! पण पाण्याचा रंग बदलला म्हणून रोग जात नाही. डाग वाढला तर दवाखाना गाठा. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हा खुर्चीवरही होतो का?