भाकरीची ओळ

सातवी भाकरीही फाटली. अर्धी तव्याला चिकटून राहिली, अर्धी उलथन्यावर आली. आकारामने तो तुकडा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. साखर कारखान्यात एकतीस वर्षे फिटर म्हणून काढली होती. जळालेले बेअरिंगही तो असेच धरून बघायचा.

पीठ तेच, शाळूच्या ज्वारीचे. पाणी कढत. आच बेताची. मनगटावरचे घड्याळ काढून त्याने कट्ट्यावर ठेवले होते. भाकरीवर पाण्याचा हात फिरवल्यापासून तीस सेकंदांनी उलटली, तर चिकटते. पन्नास सेकंदांनी उलटली, तर तडे जातात. चाळीसला काल एक जमली होती. आज चाळीसलाच फाटली. मग चुकतेय कुठे?

त्याच्या बायकोला, तानूबाईला, जाऊन अकरा महिने झाले होते. तिने कधी घड्याळाकडे बघून स्वयंपाक केला नव्हता. तिला घड्याळ कळतही नव्हते.

पुण्याहून प्रीतीचा फोन आला होता. "पप्पा, रविवारी येतोय मी. किती वाळलायसा, बघितलं गेल्या खेपेला. चहा-पाव खाऊन माणूस जगत न्हाई. तुमच्या हातची एक धड भाकरी मला वाढा. जमली तर ऱ्हावा तितंच. न्हाई तर सामान बांधायचं आन् माझ्याबरोबर चलायचं."

पोरीचे चूक नव्हते. पण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसून करायचे काय? तानूबाईची कबर इथे होती. दर रविवारी तो तिथले गवत उपटायचा.

आज शुक्रवार होता.

तव्यावरचा चिकटा खरवडताना त्याला आठवले, की भाकरी करताना तानूबाईचे ओठ हलत असायचे. प्रभूची प्रार्थना म्हणायची ती. त्याला त्याचा राग यायचा. "देवाला देवळात भेट की. हितं मला बातम्या ऐकू दे," म्हणून तो रेडिओ मोठा करायचा. ती आवाज वाढवायची. मग तो रेडिओ आणखी मोठा करायचा.

तिचे घड्याळ तेच तर नसेल?

त्याने आठवी भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी लावले. मग हात जोडले, मान खाली घातली, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. लहानपणी पाठ केलेली, अडायचे काही कारण नव्हते. आमेन म्हणून डोळे उघडले, तर तव्यावरून धूर निघत होता.

खिडकीबाहेर कुणीतरी खो-खो हसले. शेजारची बनाबाई. तिच्या म्हशीचा गोठा या खिडकीला लागूनच होता.

"भावजी, भाकरीचं मयत करालाय व्हय?"

"हसू नका, बनाबाई. तानू असंच म्हणायची का न्हाई?"

"म्हणायची की. पर डोळं कशाला झाकलायसा?"

"प्रार्थनंला डोळं झाकत्यात."

"मग भाकरी कुणी बघायची? तुमच्या देवानं?" बनाबाई शेणाचे हात तसेच धरून खिडकीशी आली. "तानूबाई उघड्या डोळ्यानं म्हणायच्या. तव्याकडं बघत. आन् असं पळवायच्या न्हाईत, मागं कुत्रं लागल्यागत. वरचं पाणी सुकंस्तवर शब्द लांबवायच्या. तुमच्यात ती रोजची भाकर मागायची वळ हाय न्हवं?"

"हाय."

"त्या वळीला उलटायची."

आकाराम तिच्याकडे बघतच राहिला. बनाबाई कधी त्यांच्या देवळात, चर्चमध्ये, आली नव्हती. तिच्या घरात जोतिबा होता.

"तुम्हाला काय ठावं, कुठली वळ ते?"

"वीस वरसं ऐकतोय की मी. सगळी पाठ हाय. त्यांचं आमेन आलं, की मी दूध उतरवायची, कधी उतू गेलं न्हाई. आता जातंय रोज. आन् भाकर उलटली, की नावं घ्यायच्या."

"कुणाची?"

"घरातली, दारातली. आमची म्हस अडली व्हती, तवा तिचंबी घेतलं. आन् मग शेवटाला तुमचं."

"माझं काय म्हणायची?"

"ह्यांना सुबुद्धी दे, म्हणायच्या."

आकारामला हसू आले. "रोज?"

"दर भाकरीला. चार भाकरीला चारदा. तुम्ही रेडिओ मोठा करायचा, आन् त्या तेवढंच मोठ्यानं म्हणायच्या."

बनाबाई गोठ्याकडे वळली. आकारामने घड्याळ उचलले आणि मनगटावर न बांधता फडताळात ठेवून दिले. त्या दिवशी आणि शनिवारी मिळून त्याने चौदा भाकऱ्या केल्या. फाटलेल्या सगळ्या म्हशीने खाल्ल्या.

रविवारी प्रीती आली. ताट घेऊन स्वयंपाकघरातच फरशीवर बसली. झुणका तिनेच वाढून घेतला. "टाका आता," ती म्हणाली.

त्याने भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि डोळे उघडे ठेवून सुरुवात केली. आवाज ऐकून प्रीतीने सवयीने डोळे मिटले. पाणी एका कडेला अजून ओले होते, म्हणून त्याने एक शब्द लांबवला. ते सुकले. भाकरीची ओळ आली. त्याने उलटली. भाकरी अख्खी निघाली.

मग नावे. प्रीती. जावई. नातू आर्यन. बनाबाई. बनाबाईची म्हैस, तेव्हा प्रीतीला डोळे मिटूनच हसू आले. त्याने तवा उतरवला आणि भाकरी जाळावर धरली. आता शेवटचे नाव राहिले होते. त्या जागी ती त्याचे नाव घ्यायची. स्वतःच स्वतःचे नाव कसे घ्यायचे, ते त्याला कळेना. तिचे घ्यावे, तर गेलेल्या माणसासाठी त्यांच्यात प्रार्थना करत नाहीत.

प्रार्थना तिथेच अडली. भाकरी टम्म फुगली. तो बघत होता, पण चिमटा हलला नाही.

"पप्पा," प्रीतीने डोळे उघडले होते. "आमेन म्हणा की. करपालीया."

"आमेन," तो म्हणाला आणि भाकरी उतरवली. एक कड काळी झाली होती. ती बाजूला ठेवून तो दुसरीचे पीठ घेऊ लागला. प्रीतीने हात लांब करून तीच भाकरी ताटात ओढली, मोडली आणि काळ्या कडेकडून खायला सुरुवात केली.

शेवटच्या तुकड्याने तिने ताटातला झुणका पुसून घेतला.

"दुसरी टाका," मग ती म्हणाली. "आन् हळू म्हणा. मला घाई न्हाई."