एन्टरची सवय

अरुणाने शेतकऱ्याच्या नावाच्या चौकोनात ‘कोंडिबा’ असं टाइप केलं आणि एन्टर दाबलं. लगेच पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली. पट्टी सेव्ह झाली, असं तीत लिहिलं होतं. कोंडिबाचं गाव नाही, गोण्या नाहीत, वजन नाही, भाव नाही, आणि त्याच्या हातात द्यायची विक्रीची पट्टी मात्र तयार. अरुणाने वळून दाराकडे पाहिलं. हा नवा प्रोग्रॅम लिहिणारी तेजश्री अजून जिन्यात चहावाल्याशी बोलत उभी होती.

खात्री करण्यासाठी तिने आणखी एक नाव टाकलं आणि पुन्हा एन्टर दाबलं. पुन्हा तेच झालं. तिला आधी हसू आलं, आणि मग कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. दोन्ही रिकाम्या पट्ट्या तिने पुसून टाकल्या आणि खुर्ची मागे सरकवली.

“कसं वाटलं, ताई?” तेजश्रीने चहाचा ग्लास तिच्यासमोर ठेवत विचारलं.

“छान झालंय,” अरुणा म्हणाली. “रंग तेवढे भडक वाटतात.”

“कमी करते.”

वाशीच्या सेक्टर सतरामधल्या त्या दोन खोल्यांच्या कार्यालयात अरुणा पहिल्या दिवसापासून होती. कांदा-बटाटा बाजारातल्या निम्म्या गाळ्यांवर तिचा प्रोग्रॅम चालत असे. काळा पडदा, पिवळी अक्षरं, माऊसचं नाव नाही. गाळ्यांवरच्या मेहताजींना, म्हणजे हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांना, तिने स्वतः शेजारी बसून शिकवलं होतं. नाव टाका, एन्टर. गाव टाका, एन्टर. गोण्या, एन्टर. आता ती माणसं पडद्याकडे न बघता, शेजारच्या हमालाशी भांडता भांडता पट्टी भरत. नव्या विंडोजमध्ये मात्र एन्टरचा अर्थ ‘झालं माझं’ असा होता. पुढच्या चौकोनात जायला टॅब नावाची कळ दाबावी लागे, आणि टॅब बाजारात कुणी कधी दाबली नव्हती. तेजश्री पुण्याच्या क्लासात थेट विंडोजवरच शिकलेली. तिला हे कळायचं काही कारण नव्हतं.

अरुणाला तिचा हेवा वाटत होता. तसं तिने स्वतःशी कबूलही केलं होतं, पण कबूल करून तो काही कमी झाला नव्हता. आपण एकेक चौकोन आडव्या-उभ्या ओळी मोजून बसवला, एक ओळ चुकली की खालचं सगळं पुन्हा मांडलं, आणि ही पोरगी काय करते? पडद्याच्या वरच्या ओळीतून माऊसने एक बटण उचलते आणि फॉर्मवर ठेवते. चौकोन उचलते, ठेवते. यादी उचलते, ठेवते. भाजी निवडायलासुद्धा याहून जास्त कष्ट पडतात, असं अरुणा एकदा जेवताना म्हणाली होती. त्यावर तेजश्रीच सगळ्यात मोठ्याने हसली होती.

त्याहून तिला लागायची ती लेकींची भानगड. तयार मिळालेल्या चौकोनापासून तेजश्री आपला वेगळा चौकोन काढायची. मूळचं सगळं त्यात आपोआप यायचं आणि वर तिला हवा तो गुण घालता यायचा. कंपनीचा मालक रणजीत या प्रकाराला ‘आई आणि लेक’ म्हणे. तो आणि अरुणा एकत्रच या धंद्यात पडले होते. पण हल्ली तो तेजश्रीच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणायचा, “अगं, हे बघ अरुणा, एका जागी बदललं की सगळ्या लेकी बदलतात.” अरुणा बघायची. ते खरोखर सुरेख असायचं, आणि दुःख तेच होतं. काम भिकार असतं तर तिने मोठ्या मनाने सांभाळून घेतलं असतं.

शुक्रवारी कांद्याचे व्यापारी बाबासो यांच्या गाळ्यावर नव्या प्रोग्रॅमची चाचणी ठरली होती. त्यांच्याकडचे सिताराम मेहताजी तो लिलावाच्या गर्दीत चालवून बघणार होते. त्यांनी होकार दिला की बाकीचे गाळे ओळीने येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“जमलं तर विंडोजचं सगळं तेजश्रीकडे देतो,” रणजीत म्हणाला होता. “तू जुनं सांभाळ.”

जुनं सांभाळ. त्या जुन्याला आता किती दिवस उरलेत, हे रणजीतला माहीत होतं आणि अरुणालाही. लग्नकार्याला निघालेली माणसं घरातल्या म्हातारीला घर सांभाळ म्हणतात, तसं ते तिला ऐकू आलं.

तेजश्रीला सांगून टाकावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. शब्द दोन-तीनदा ओठांवर आले. दुसऱ्या दिवशी रंग खरोखरच फिके झालेले दिसले, तेव्हा आले. बुधवारी डबे उघडले, तेव्हाही आले. तेजश्री नेरूळला मामांकडे राहायची आणि तिच्या डब्यात गावाकडून आलेली शेंगदाण्याची चटणी असायची. न मागता तिने अरुणाच्या पोळीवर चमचाभर वाढली. चटणी इतकी चांगली होती की अरुणाने आणखी घेतली, आणि घेतल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

“ताई, माझं काही राहिलं असेल तर सांगा हं,” तेजश्री म्हणाली. “बाजारातलं मला काही कळत नाही.”

“राहिलं कुठे काय. चांगलं आहे की.”

तेजश्रीने तिच्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

आपल्याला कुणी सांगितलं होतं, असं अरुणा संध्याकाळी घरी भात टाकताना मनात घोळवत होती. आपण मेहताजींची बोलणी खाऊन शिकलो. हिनेही खावीत थोडी. नवऱ्याने विचारलं, “ऑफिसात काही टेन्शन?” ती नाही म्हणाली आणि भाताखालचा गॅस बंद करायचा विसरली.

शुक्रवारी गाळ्यात शिरायला वाट नव्हती. गोण्या छतापर्यंत रचलेल्या, बाहेर ट्रक उलटे लागत होते आणि कांद्याची टरफलं पायाखाली कुरकुरत होती. बाबासो गादीवर बसून फोनवर कुणाला तरी झापत होते. त्यांनी हातानेच ‘बसा’ म्हटलं. रणजीतने कॉम्प्युटर सुरू केला. तेजश्रीने माऊस सिताराम मेहताजींच्या उजव्या हाताशी ठेवला. मेहताजींनी तो उचलून बाजूच्या तराजूच्या वजनांत ठेवून दिला.

“ही भानगड मला नको,” ते म्हणाले. “बोटं हायेत की.”

अरुणा गोणीला टेकून उभी होती. आता. मेहताजींची बोटं पहिल्या चौकोनात पडली. एका शेतकऱ्याचं नाव उमटलं. त्यांची करंगळी सवयीने एन्टरवर आदळली.

उभी रेघ गावाच्या चौकोनात जाऊन लुकलुकू लागली.

मेहताजींनी गाव टाकलं, एन्टर. गोण्या, एन्टर. वजन, एन्टर. भाव, एन्टर. मागे हमाल ओरडत होता, “मेहताजी, खटावची गाडी लागली!” त्यांनी पडद्यावरची नजर काढून त्याला उत्तर दिलं आणि बोटं चालूच ठेवली. शेवटच्या चौकोनानंतर सेव्हचं बटण आपोआप उजळलं, आणखी एक एन्टर बसलं आणि प्रिंटर करकरू लागला. अरुणाने पुढे होऊन पडद्याकडे पाहिलं. पट्टी पूर्ण होती. दुसरी झाली, तिसरी झाली. शेतकरी रांगेत येत होते आणि कागद घेऊन जात होते.

बऱ्याच वेळाने मेहताजींनी मान वर केली.

“यात नवीन काय हाय?” ते म्हणाले. “ह्ये तर अरुणाताईंचंच हाय. नुसता रंग दिलाय.”

रणजीतला हसू फुटलं. “नवीन आहे, मेहताजी. सगळं नवीन लिहिलंय.”

“आसंल. पर हात अरुणाताईंचा हाय. मला न्हाई का कळत?”

तेजश्रीचे कित्येक महिन्यांचे कष्ट त्या एका वाक्यात पुसले गेले होते. अरुणाने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पडेल असं तिला वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही. तेजश्री मात्र प्रिंटरमधला कागद सरळ करत होती.

रणजीत वळला. “अरुणा, हे एन्टरचं तू सांगितलंस हिला? नाहीतर हिला कुठून कळायचं?”

अरुणाने तोंड उघडलं. हो म्हणायला एक अक्षर पुरेसं होतं आणि नाही म्हणायला दोन.

“ताईंकडूनच कळलं, सर,” तेजश्री म्हणाली.

“तरीच!” रणजीतने समाधानाने मान हलवली. “मग विंडोजचं तूच बघ, अरुणा. ही तुझ्या हाताखाली करेल. बाजार तुला कळतो, शेवटी काम त्यावरच अडतं.”

अरुणा नाही म्हणाली नाही. बाबासोंनी चहा मागवला, मेहताजींनी तिला बसायला खुर्ची पुसून दिली आणि तिने दोन्ही स्वीकारलं. हवं होतं ते सगळं तिला एका सकाळीत मिळालं होतं. चहा मात्र तिने अर्धाच पिऊन ठेवून दिला.

रणजीत बाबासोंशी बोलत मागे थांबला. दोघी बाजाराच्या फाटकाकडे निघाल्या. हातगाड्यांना वाट देत त्या चालत होत्या.

“तुला खरंच कुणी सांगितलं?” शेवटी अरुणानेच विचारलं.

“तुम्हीच, ताई. त्या दिवशी चहा घेऊन आले, तेव्हा तुम्ही माझ्या मशीनवर एन्टर दाबत होतात. मी दारातच होते. रिकामी पट्टी निघालेली मला दिसली.” एक हातगाडी मध्ये आली. ती पुढे गेल्यावर तेजश्री पुन्हा शेजारी आली. “मला वाटलं, आता सांगाल. तुम्ही रंगाचं बोललात. मग बुधवारी विचारलं.”

“आणि मग?”

“मग त्याच दिवशी घरी जायच्या आधी चौकोनाची लेक काढली आणि एन्टरला पुढं जायला शिकवलं. जास्त वेळ नाही लागला.”

अरुणाने तिच्या आवाजात राग शोधला. राग सापडला असता तर तिचं निभावलं असतं. रागाला उत्तर देता येतं, भांडता येतं, चार दिवस अबोला धरता येतो. इथे तसं काहीच नव्हतं. ही मुलगी सगळं जाणून होती, तरी बुधवारी तिने आपल्या पोळीवर चटणी वाढली होती, आणि आज सगळ्यांसमोर खोटं न बोलता आपल्याला वाचवून मोकळी झाली होती. अरुणाला तिचा परत हेवा वाटला. हा हेवा आधीच्यापेक्षा वाईट होता, कारण यातलं काही शिकून येण्यासारखं नव्हतं.

फाटकाबाहेर रिक्षा मिळाली. तेजश्री आत सरकून बसली आणि तिने अरुणासाठी जागा केली.

“आता माझं काम तुम्हीच तपासणार ना, ताई?”

“हो.”

“मग चुकलं तर सांगाल?”

तिने ते अगदी साधेपणाने विचारलं, पाणी आहे का विचारावं तसं. रिक्षावाल्याने किक मारली. एकदा, दोनदा, आणि इंजिन धडधडत सुरू झालं.

“सांगेन,” अरुणा म्हणाली.

“काय?” तेजश्रीने कान पुढे केला.

अरुणाला ते पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणावं लागलं.