कळ शून्यावर होती

मित्रांनो, मी एक जुना हिमशोधक आहे. साबणाच्या मोठ्या वडीएवढा, एके काळी पिवळा, आता मळका. माझ्या अंगावर एकच कळ आहे आणि तिच्या तीन जागा आहेत: शून्य, 'बोल' आणि 'ऐक'. 'बोल'वर फिरवले की मी दर सेकंदाला एक हाक मारतो. ती रेडिओची हाक असते. बर्फ कितीही दाट असला तरी ती आरपार जाते आणि चाळीस मीटरवरच्या दुसऱ्या शोधकाला 'पीप' अशी ऐकू येते. कुणी हिमाखाली गाडले गेले तर ते कुठे आहे हे त्यावरून कळते. 'ऐक'वर ठेवले की मी दुसऱ्याची हाक ऐकतो. शून्यावर मी काहीच नसतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बाईने माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेली कांडी बसवली, मला तीनदा मेजावर आपटले आणि तरीही मी हाक मारली म्हणून डब्यात भरले. त्याचा मला फार अभिमान वाटला.

तिथून मी पिरिन डोंगरातल्या बचावपथकात आलो, स्तामेनच्या गळ्यात. एकोणीस हिवाळे मी त्याच्या छातीवर काढले. पथकाची एक रीत होती. सकाळी निघताना एक जण वाटेत उभा राही आणि बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जात. ज्याचा पीप ऐकू आला नाही, त्याला घरी पाठवत. एकदा स्तामेनने सख्ख्या भावाला परत पाठवले; तो भाऊ आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. माझ्या कानाने स्तामेनने पाच माणसे शोधली. त्यांतली दोन जिवंत होती. गावात लोक मला हातात घेऊन पाहत, लहान मुलांना दाखवत.

पुढे तीन कांड्यांचे, पडद्यावर बाण दाखवणारे नवे शोधक आले. स्तामेनचे गुडघे गेले आणि दोन वर्षांनी तोही गेला. मी सात वर्षे एका खणात पडून राहिलो, स्क्रू आणि मुदत संपलेल्या डोळ्यांच्या औषधाच्या शेजारी. स्तामेनची मुलगी नेव्हेना अधूनमधून खण उघडी आणि मला फडक्याने पुसून ठेवी. कळ मात्र तिने कधी फिरवली नाही.

मग एका फेब्रुवारीत तिची शाळेतली मैत्रीण रालित्सा आली. ती नऊ वर्षे व्हिएन्नात होती आणि चार दिवसांसाठी सोफियाला आली होती. एक दिवस डोंगरावर स्की करायला जायचे ठरले. सकाळी जायचे, संध्याकाळी परत. नेव्हेनाकडे एक नवा शोधक होता आणि एक मी. नवा तिने स्वतः घेतला, कारण शोधायची वेळ आली तर शोधता तिलाच येत होते. मला रालित्साच्या गळ्यात घातले. नव्या बॅटऱ्या टाकल्या, कळ 'बोल'वर नेली. सात वर्षांनी मी हाक मारली आणि नव्या शोधकाने ती ऐकली. दोघी हसल्या. मग नेव्हेनाने कळ पुन्हा शून्यावर नेली.

"बॅटऱ्या कशाला संपवायच्या आत्तापासून? वर गेलीस की लाव."

वाटेत पेट्रोल पंपावर त्या कॉफीला थांबल्या. दुकानातल्या बाईने चीज भरलेली गरम बानित्सा पुढे केली. रालित्साने मान वरखाली केली. बाईने बानित्सा परत भट्टीत सरकवली. आमच्याकडे मान आडवी हलवली की हो, आणि वरखाली केली की नाही. नेव्हेना हसून हसून गाडीला टेकली.

"व्हिएन्नात मान उलटी बसवून दिली का गं तुझी? भूक लागली तर तोंडाने माग."

रालित्सा म्हणाली, ती मान शिकायला तिला नऊ वर्षे लागली, चार दिवसांत कशी सुटेल.

दुपारपर्यंत दोघी आखलेल्या उतारांवर स्की करत होत्या. मग तारेवरच्या शेवटच्या पाळण्याने अगदी वर गेल्या आणि हद्दीच्या दोरीपलीकडे गेल्या. तिकडे कुणीही न तुडवलेला बर्फ होता. डोंगराच्या धारेवर वारा इतका होता की शब्द फाटून जात होते. नेव्हेना वीस पावले पुढे होती. तिने वळून छातीवर बोट ठेवले आणि ओरडून विचारले, लावलंस ना?

रालित्साने मान आडवी हलवली. नाही, थांब, असे तिला म्हणायचे होते.

नेव्हेनाने त्याचा अर्थ हो असा घेतला. तिने हात उंचावला आणि उतरू लागली.

रालित्साने उजवा हातमोजा काढून दातांत धरला होता, जाकिटाची चेन गळ्यापासून खाली ओढली होती. मैत्रीण लांब गेलेली दिसली तशी तिने चेन वर ओढली. खाली गेल्यावर लावते, असे ती पुटपुटली आणि हातमोजा दातांत तसाच धरून निघाली. मित्रांनो, तिचे बोट माझ्या कळीपासून एवढ्याशा अंतरावर आले होते. मला ओरडता आले असते तर.

उताराच्या मध्यावर असताना आमच्या वर कुठेतरी जड दार लागल्यासारखा आवाज झाला. मग सगळा डोंगरच पायाखालून सरकला. आम्ही उलटेपालटे होत गेलो आणि थांबलो तेव्हा अंधार होता. बर्फ थांबताच सिमेंटसारखा घट्ट झाला. रालित्साला बोटही हलवता येईना. तिचा उघडा हात माझ्यापासून चार इंचांवर होता.

हिमाखालून दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहापैकी नऊ माणसे जगतात. अर्ध्या तासाने जेमतेम तीन. मी हे जाणून होतो. तिचे हृदय माझ्या पाठीला लागून धडधडत होते आणि मी ठोके मोजत होतो. मोजण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते.

बर्फाची एक खोड आहे. वरचा आवाज खाली येतो, खालचा वर जात नाही. नेव्हेना धापा टाकत चढून येताना मला ऐकू आली. ती आमच्या डोक्यावरून दोनदा गेली. तिच्या शोधकाच्या पडद्यावर ना बाण होता, ना आकडा. तिला वाटले, तो बिघडला. ती त्याच्यावर थापा मारत होती.

"बोल ना, मेल्या. बोल ना."

आणि खाली रालित्सा ओठांनी मला सांगत होती, "लाग ना. एकदा लाग."

माझ्या पोटात नव्या बॅटऱ्या होत्या. हाक तयार होती. कळ शून्यावर होती.

आठव्या मिनिटाला रालित्सा बोलायची थांबली. बाराव्या मिनिटाला ठोके विरळ झाले. नेव्हेनाने आपला शोधक खिशात टाकला आणि नुसत्या डोळ्यांनी बर्फ पाहू लागली. तेव्हा तिला तो हातमोजा दिसला. मला लावण्यासाठी काढलेला, ओरडताना तोंडातून निसटलेला. तिने तिथे लांब सळई खुपसायला सुरुवात केली, एक पाऊल, एक खुपस. अकराव्या खुपशीला सळई रालित्साच्या दंडाला लागली. मग फावडे. चेहरा उघडा पडला तेव्हा एकवीस मिनिटे झाली होती. ओठ निळे होते, श्वास नव्हता. नेव्हेनाने तोंडातला बर्फ काढला आणि आपला श्वास तिच्या तोंडात फुंकत राहिली. किती वेळा, ते मी मोजले नाही. आयुष्यात तेवढे एकच मोजायचे राहून गेले.

रालित्सा खोकली.

नेव्हेनाने फोन केल्यावर खालून पथक आले. त्यात पिकल्या मिशांचा ग्रोझ्दान होता, स्तामेनचा जुना सोबती. रालित्साला घसरगाडीवर बांधताना त्याने मला ओळखले आणि माझ्यावरून अंगठा फिरवला.

"स्तामेनचा आहे. पाहिलंत? म्हातारा गेला, पण पोरीला वाचवून गेला."

नेव्हेनाने मला पालथे केले आणि कळ पाहिली.

"हा बंद होता, काका."

घसरगाडीवरून रालित्साचा बारीक आवाज आला. "मी नाही म्हटलं होतं गं."

"मला हो दिसलं," नेव्हेना म्हणाली आणि खाली बसली.

रालित्सा वाचली, मित्रांनो. पण माझ्यामुळे नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे गोठून गेली, ती परत आली नाहीत. नेव्हेना अजून डोंगरावर गेलेली नाही. मी तिच्या मेजावर असतो. रोज सकाळी ती माझी कळ फिरवते, मी हाक मारतो, ती नव्या शोधकावर ऐकते आणि कामाला जाते.

तुमच्याही घरात असे कुणी असेल. जिन्यातले आग विझवायचे नळकांडे असेल, सायकलचा ब्रेक असेल, खणातली विजेरी असेल. आम्हांला नुसते जपू नका. पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेत म्हणजे काळजी घेतली असे समजू नका. आम्ही एका क्षणासाठी बनलेलो असतो आणि तो क्षण आला की आम्हांला तुम्हांला सांगता येत नाही की आम्ही बंद आहोत. म्हणून आधी विचारा, आणि उत्तर कानाने ऐकल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. मी उत्तर दिले नाही तर मला हळहळून पुन्हा खणात ठेवू नका. मोडून टाका. मला ते चालेल. पुन्हा कुणाच्या छातीवर मुका राहून ठोके मोजणे मला जमणार नाही.