एक वीत मोकळी

मी एका लहान बाळाची दुलई बोलतेय. दोन हात लांब, दीड हात रुंद, चारही बाजूंनी झालर. अंकुशनगरात, साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात माझा जन्म झाला. जन्म झाला हे मी उगाच म्हणत नाही. गोधडी नुसती शिवतात. माझ्यासारखीला आधी उलटी शिवतात, मग एका वितीएवढ्या फटीतून ओढून बाहेर काढतात.

ज्या हातांनी मला ओढलं ते शालूचे. तेव्हा तिच्या लग्नाला सात महिने झाले होते. राजूरकडची पोर, शिवणाचा क्लास केलेली, माहेराहून मशीन घेऊन आलेली. बोलायची फार कमी. तिच्या सासूबाई गोजरबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या घरात बोलायचं काम मशीनच करती. सुनंचं तोंड दिसतं, आवाज येत न्हाई."

शालू ऐकायची आणि मशीनचा वेग थोडा वाढवायची.

माझी दर्शनी बाजू गोजरबाईंच्या जुन्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या लुगड्याची. पाठ मखमली. शहागडच्या बाजारातून आणलेलं ते दाट केसांचं मऊ कापड. एका दिशेनं हात फिरवला तर मांजर, उलट फिरवला तर वाळलेलं गवत. मध्ये कापसाचा पातळ थर. आणि झालर आहेराच्या ब्लाउजपीसची. लग्नात शालूला असे सतरा तुकडे आले होते, त्यातला एकही ब्लाउजला पुरणारा नव्हता. तिनं सगळ्यांच्या पट्ट्या कापल्या, एकीला एक जोडल्या, उभ्या दुमडल्या, कडेनं कच्चा दोरा घालून ओढला. चुण्या पडल्या. सतरा नातेवाइकांचा आहेर पहिल्यांदाच एका ओळीत, गुण्यागोविंदानं बसला.

हे सगळं चाललं होतं छकुलीसाठी. छकुली म्हणजे शालूची नणंद, गोजरबाईंची लेक. दिवाळीनंतर बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं आधीचं एक सातव्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळं त्या घरात कुणी बाळ हा शब्द मोठ्यानं काढत नव्हतं. सगळे म्हणत, "ते आलं म्हणजे." ते आलं म्हणजे पाळणा काढू. ते आलं म्हणजे चुलीचा धूर बंद करू. दिवसातून चारदा छकुली पोटावर हात ठेवून गप्प बसायची, आणि ती हसेपर्यंत घरात भांडंही वाजत नसे.

माझ्या दोन्ही बाजू तोंडाला तोंड लावून ठेवल्या, झालर आत दडवली, आणि शालूनं कडेनं शिलाई मारत आणली. मखमल सरकते. दर दोन बोटांवर तिनं टाचणी लावली होती. शेवटी एक वीत सोडली. त्या फटीतून हात घालून तिनं मला आतून धरलं आणि बाहेर ओढलं. आधी एक कोपरा, मग दुसरा, मग एकदम सगळी झालर. उजेड दिसला. खिडकीतून मळीचा वास येत होता, गळीत हंगाम जोरात होता.

गोजरबाईंनी मला हातावर घेतलं, झालर चाचपली.

"चांगली जमली. राहू दे आता अशीच," त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. अशीच म्हणजे कशी, हे सांगितलं नाही. त्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं होतं की सांगायचं सुचलंच नाही. आणि शालूनं विचारलं नाही. सासूनं कौतुक केल्यावर पुढं प्रश्न विचारू नये एवढं ती सात महिन्यांत शिकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तिला ती उघडी फट दिसली. काम अर्धवट ठेवलेलं तिला बघवत नसे. तिनं सुई घेतली आणि फट शिवून टाकली. मशीनवर नाही, हातानं, आतल्या आत लपवलेले टाके. मग सुईच्या टोकानं मखमलीचे केस त्यावर विंचरले. शिवण कुठं आहे ते मलासुद्धा सांगता आलं नसतं.

शेवटची गाठ बसली आणि मी जड झाले.

थोडीशीच. पाणी भरलेला पेला ठेवावा एवढी. आधी वाटलं, कापूस गोळा झाला असेल. पण कापूस गोळा झाला तर एका जागी बसतो. हे बसलं नाही. मुठीएवढं, कोमट, ते माझ्या उजव्या कोपऱ्यात गेलं. तिथून डाव्या. मग कडेनं निघालं, झालरीच्या शिवणीला चिकटून, सावकाश, अंधारात भिंत चाचपत जावं तसं. चारही बाजू फिरून झाल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शालू माझी घडी घालायला आली. तिच्या तळव्याखाली ते आलं. तिनं दाबलं. ते सरकलं. तिनं दुसऱ्या हातानं पुढून अडवलं, तर ते दोन्ही हातांच्या मध्ये थांबलं आणि थरथरलं. शालूनं हात काढून घेतले. पदराला पुसले. मग मला पलंगावर ठेवून ती उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला गेली.

तीन वाजता आतल्या खोलीतून छकुलीचा आवाज आला.

"आई, जेवल्यापासून हललं न्हाई."

"झोपलं आसंल."

"गूळ खाल्ला. डाव्या कुशीवर पडले. न्हाई हललं."

गोजरबाई उठल्या. त्यांनी कारखान्यात असलेल्या आदिनाथला, शालूच्या नवऱ्याला, फोन लावला. "गाडी घिऊन ये. अंबडला दवाखान्यात जायचंय. जल्दी." फोन ठेवता ठेवता त्यांची नजर पलंगावर माझ्यावर गेली. त्यांनी मला उचललं. बोटं झालरीवरून फिरू लागली, एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. अगदी तशीच, जसं आतलं ते फिरत होतं. दोघांनाही एकच जागा हवी होती.

"हे तोंड कोणी बंद केलं?"

"मी," शालू म्हणाली. "उघडं राह्यलं होतं."

गोजरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर शालूला बरं वाटलं असतं. त्या मला घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि आत छकुली चप्पल शोधत होती, तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "पोरगं रडंपर्यंत एक वीत मोकळी ठेवायची आसती, बाई. यायची वाट हाय ती. माझ्या सासूनं मला सांगितल्तं. मी तुला सांगितलं न्हाई. चूक माझी."

गाडी आली. आदिनाथनं बहिणीला धरून बसवलं. दारातून गोजरबाई वळल्या. "उसव. बराबर एक वीत. दुसरीकडं कुठं कापू नको."

घरात शालू आणि मी उरलो.

ती काही भोळी नव्हती. दवाखाना आहे, डॉक्टर बघतील, चिंध्यांच्या दुलईचा काय संबंध, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. पण तिनं मला मांडीवर घेतलं तेव्हा ते मुठीएवढं तिच्या गुडघ्यापाशी आलं. आता त्याची चाल मंद झाली होती. चार बोटं सरकायचं, थांबायचं.

आणि तिला शिवण सापडेना.

शिवण क्लासच्या बाई म्हणायच्या, शालूचा टाका देवालाही दिसायचा नाही. आता तो तिलाच दिसत नव्हता. मखमलीचे केस बाजूला सारावेत तर ते पुन्हा मिटत. तिनं मला खिडकीत उजेडाला धरलं. कोपरे मोजले. डोळे मिटून नखानं चाचपलं. एकदा ब्लेडचं पातं चुकीच्या जागी टेकवलं आणि हात मागं घेतला. सात महिन्यांत पहिल्यांदा ती त्या घरात मोठ्यानं बोलली.

"कुठंय ते तूच दाखव," ती म्हणाली.

आत हालचाल झाली. सरकत, थांबत ते खालच्या कडेशी आलं आणि एका जागी आतून टेकलं. तिथं माझी पाठ जराशी फुगली. शालूनं बोट ठेवलं. बोटाखाली गाठ लागली.

तिनं एकेक टाका कापला. पहिला, दुसरा, तिसरा. घाई केली नाही. घाईत मखमल फाटते. बाहेर कारखान्याचा भोंगा वाजला, पाळी सुटली, सायकली गेल्या. तिनं मान वर केली नाही. शेवटचा दोरा ओढला तेव्हा फट बराबर एक वीत होती, आणि तिच्या मनगटावरून काहीतरी कोमट गेलं. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती पडली, पुढं सरकली आणि काठाशी विरली. उंबऱ्यावर धुराड्याची काजळी रोज बसते. तिच्यात एक बारीक रेघ उमटली, झाडूच्या एका काडीनं ओढावी तशी. दाराचा पडदा आतून बाहेर फुगला. वारा नव्हता.

मी हलकी झाले होते.

शालूनं कापलेले दोरे वेचले. बऱ्याच वेळानं फोन वाजला. आदिनाथ होता. "पट्टा लावलाय पोटाला. ठोका चांगलाय म्हणून राह्यले डॉक्टर. आत्ता लाथ मारली. छकुली रडून राह्यली, पण चांगलं रडून राह्यली. हॅलो? शालू, आईक ना, बोल की काहीतरी."

"या घरी," शालू म्हणाली.

पौषात छकुलीला मुलगी झाली. आधी ती रडली, मग घर रडलं. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. सकाळी ओसरीत बायका जमल्या, शेजारच्या सोनूबाईंनी घुगऱ्या आणल्या, आणि बाळासाठी बाजारची एक दुलईही. गोजरबाईंनी मला शालूकडं दिलं.

"आता शिव खुशाल. पोरगी रडती आन् रडवती बी. भोकाच्या दुलईवर घातली तर बाया नावं ठिवतील."

शालू आतल्या खोलीत बसली. सुईत दोरा ओवला. फटीच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि थांबली.

तिच्या तळव्याला आतून काहीतरी टेकलं होतं.

मला वाटलं, तेच परत आलं. पण ते तर बाहेर छकुलीच्या मांडीवर शिंकत होतं, मला ऐकू येत होतं. हे त्याहून लहान होतं. चिंचोक्याएवढं. फिरत नव्हतं, वाट शोधत नव्हतं. नुसतं येऊन बसलं होतं.

शालूची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली. ती उठली, बोटानं तारखा मागं मागं मोजत गेली, पान उलटलं, पुन्हा मोजल्या. सुई तिनं मशीनच्या उशीत खोचली.

"झालं का?" गोजरबाई आत आल्या. "बाया खोळंबल्यात."

"आत्या, ही अशीच राहू द्या."

"आता कशाला?"

शालूनं फट त्यांच्यापुढं धरली. गोजरबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दोन बोटं माझ्या फटीतून आत घातली. क्षणभर धरून ठेवली. मग इतक्या सावकाश बाहेर काढली की माझा एक धागाही हलला नाही.

"आदिनाथला सांगितलं का?"

"मलाच आत्ता कळलं."

गोजरबाईंनी पदर सावरला. दारातून बाहेर बघत म्हणाल्या, "सोनूबाई, ती बाजारची दुलई द्या इकडं, पोरीला. ही न्हाई द्यायची."

त्या दिवसापासून मी शालूच्या मशीनशेजारी, उघडी कड दाराकडं करून पडून असते. पाहुणे येतात. घर आवरणाऱ्या हुशार बायका येतात. एक जण तर म्हणालीही, "अगं, इथं जरासं राह्यलंय, आण सुई, मी घालते दोन टाके."

तुमच्यापैकी कुणी कधी त्या घरी गेलात, तर एवढं माझं ऐका. माझ्या मखमलीवरून हात फिरवा, झालरीचं कौतुक करा. पण ती एक वीत कुणाच्या विसराळूपणानं राहिलेली नाही. तिथं बोट घालून बघू नका. सुई तर आणूच नका. शालू पाणी आणायला गेली असेल, पण आत कुणीतरी आहे, आणि आत्ताच कुठं त्याचा डोळा लागलाय.